पिशवीवरचा पक्षी आणि पिशवीतली ज्वारी

पिशवीवर लाल तुऱ्याचा एक ऐटबाज पक्षी छापलाय. तो आमच्या परसात कधी आलेला नाही, येणारही नाही, आणि आलाच तर या पिशवीतलं फारसं काही खाणार नाही. हे रागाने म्हणत नाही, मोजून म्हणते.

माझी सगळी नोकरी वह्या लिहिण्यात गेली. जमा-खर्च जुळल्याशिवाय मला खुर्चीवरून उठवत नसे. निवृत्तीनंतर परसात दाण्यांचा फीडर टांगला, ‘सर्व पक्ष्यांसाठी खास मिश्रण’ असं लिहिलेली ही पिशवी आणली आणि पहिल्या आठवड्यात किलोभर दाणे संपले. मला कोण आनंद! मग खालची जागा झाडायला घेतली, तर तसराळंभर दाणे जसेच्या तसे परत हाती आले. म्हणजे फीडर रिकामा झाला होता, पक्ष्यांची पोटं भरली होती असं नाही. इथे माझ्यातली जुनी हिशेबनीस जागी झाली.

पुढची पिशवी फोडली तेव्हा त्यातले बरोबर १ किलो दाणे पांढऱ्या चादरीवर ओतले. नातू सुट्टीला आलेला होता, त्याला बसवलं निवडायला. तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी त्याला मजा वाटली, दुसऱ्या दिवशी पाय दुखायला लागले, तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “आजी, चिमण्या हे काम दोन सेकंदांत करतात.” खरं होतं त्याचं. वजनं अशी आली: लाल ज्वारी ३८० ग्रॅम, गहू २१०, मक्याचा भरडा १४०, पांढरं बारीक मिलेट १२०, सूर्यफुलाच्या बिया ९५, कसल्या ते न कळलेल्या बिया ४०, आणि धूळ-कोंडा १५. पिशवीच्या पुढच्या बाजूला खिडकी ठेवलीय, पारदर्शक. त्या खिडकीतून काय दिसतं? सूर्यफूल. ज्याने कोणी पिशवी भरली त्याने सूर्यफूल खिडकीपाशी कसं आणलं हे मला अजून उलगडलेलं नाही, पण कौशल्य आहे खरं.

आमचे हे म्हणाले, “चिमण्यांचं ऑडिट काढणारी तू पहिलीच.”

पहिली नाही. अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी वन्यजीव खात्यातल्या एलरेड गाइस यांनी हेच काम शास्त्रशुद्ध केलं होतं. वेगवेगळे दाणे शेजारी शेजारी ठेवायचे आणि कोणता पक्षी कशावर उतरतो ते नोंदवत बसायचं. त्यांचा अहवाल १९८० साली निघाला. निष्कर्ष असा की काळं तेलबी सूर्यफूल आणि पांढरं चेना मिलेट (वरईसारखं बारीक धान्य), हे दोन दाणे बाकी सगळ्यांना भारी पडतात. आणि मिश्रणांत भरभरून घातलेली लाल ज्वारी, गहू, ओट यांच्याकडे बहुतेक पक्षी ढुंकून बघत नाहीत. या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं होऊन गेली. माझ्या पिशवीत अजून ३८० ग्रॅम ज्वारी आहे.

ज्वारीला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. धान्य चांगलं आहे. होले ती जमिनीवरून शांतपणे टिपतात, पारवे तर काहीही सोडत नाहीत. अडचण आहे ती टांगलेल्या फीडरची. नळीसारख्या फीडरच्या दांडीवर बसलेल्या चिमणीकडे वेळ नसतो. मागे दुसरी चोच मारायला तयार, वर मांजराची भीती. ती चोच आत घालते, डावी-उजवीकडे झटकते आणि हवा तो दाणा मिळेपर्यंत नको ते सगळं खाली उडवते. आपण याला ‘नासधूस’ म्हणतो. तिच्या बाजूने पाहिलं तर ती निवडणं-टिपणं करतेय, फक्त सुपाशिवाय. मिश्रण जितकं स्वस्तातलं, तितकं खाली जास्त. आणि खाली पडलेल्या दाण्यांचं गिऱ्हाईक कोण, ते मला सहाव्या आठवड्यात कळलं. भिंतीच्या कडेला मुठीएवढं बीळ. उंदीर. पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी झाडू घेऊन वाकणं हा माझा व्यायाम झाला. मिश्रणाच्या किमतीत उंदीर धरलेले नसतात.

तर या पिशवीला माझ्याकडून पाचपैकी दीड तारा. तो अर्धा तारा पिशवीच्या चिकटपट्टीला. चांगली बंद होते, अजून वापरतेय.

त्यानंतर मी मिश्रण बंद केलं आणि एका फीडरमध्ये एकच दाणा, असा नियम केला. एकूण पंधरा आठवडे वही ठेवली. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे भांडण कमी. ज्याला जे हवं तो तिथे जातो, आणि उडवून देण्यासारखं त्यात काही नसतंच.

सूर्यफुलाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथेच माणूस फसतो. दुकानात दोन प्रकार मिळतात. एक पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचं, मोठं, देखणं. दुसरं सगळं काळं, लहान, दिसायला सुमार. मी अर्थातच आधी देखणं आणलं. चिमण्या यायच्या, एक बी उचलायच्या, चोचीत फिरवायच्या, दाबायच्या, टाकून द्यायच्या. पट्टेवाल्या बीचं टरफल जाड असतं. चिमणीच्या चोचीला ते झेपत नाही. पोपटाला मात्र काही वाटत नाही. तो एका पायात बी धरून शांतपणे सोलतो, जशी एखादी म्हातारी शेंगा फोडत बसते. पोपटांचा एक थवा आला की फीडर तासाभरात साफ. ज्यांना पोपटच हवेत त्यांनी पट्टेवालं घ्यावं. काळ्या बीचं टरफल पातळ, आतला गर टरफलाच्या मानाने जास्त, आणि तेलही जास्त, म्हणूनच ते तेल गाळायला पेरतात. चिमणीला ती फुटते. मी काळं बी भरलं त्या सकाळी फीडरवर आधी दोन चिमण्या होत्या, दुपारी सात. वहीत तसंच लिहिलंय.

पण टरफलं! सूर्यफुलाची टरफलं नुसता कचरा नव्हे. त्यांत अशी द्रव्यं असतात की खाली दुसऱ्या रोपांची वाढ खुंटते. माझ्या फीडरखालचं गवत दोन महिन्यांत विरळ झालं, शेजारचं तेरड्याचं रोप मरगळलं. मला आधी वाटलं पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं तर टरफलं कुजून वास सुटला. आता खाली एक जुनी परात टांगते, ती दर दोन दिवसांनी रिकामी करायची. ज्यांना हे नको असेल त्यांना सोललेलं सूर्यफूलही मिळतं. कचरा शून्य, पक्षी खूश. फक्त टरफलाचं चिलखत नसल्याने पाऊस लागला की ते लवकर बुरशी धरतं. एका वेळी एक दिवस पुरेल एवढंच घालावं. मी एकदा आळस करून चार दिवसांचं घातलं आणि पाचव्या दिवशी त्याचा लगदा चमच्याने खरवडून काढला.

पांढरं मिलेट म्हणजे चेना, वरईच्याच गोतातलं गोल, गुळगुळीत, पांढरट धान्य. माझ्या वहीतला सगळ्यात शांत विजेता हाच. चिमण्या, मुनिया, होले, तिघांनाही चालतो. फक्त तो टांगायचा नाही, पसरट ताटात घालून खाली किंवा कमरेएवढ्या उंचीवर ठेवायचा, कारण हे पक्षी मुळात जमिनीवर टिपणारे. मी आधी तो नळीत भरला होता. मुनिया झाडावर बसून अकरा दिवस नुसत्या बघत होत्या. बाराव्या दिवशी ताटात घातला आणि दुपारपर्यंत नऊ मुनिया ताटाच्या कडेवर अशा बसल्या, जणू पंगत वाढली जायची वाट बघतायत. दाणा बदलला नव्हता, भांडं बदललं होतं. लाल रंगाचं मिलेटही मिळतं, पण निवडायची मुभा असली की पक्षी पांढऱ्याकडेच वळताना मी पाहिले.

कारळ्यांबद्दल माझी मोठी अपेक्षा होती. पक्ष्यांच्या दाण्यांच्या जगात कारळे म्हणजे राजेशाही खाणं. इंग्रजीत त्याला ‘नायजर’ म्हणतात, आणि अमेरिकेतल्या दाणे-व्यापाऱ्यांच्या संघटनेने त्याचं स्पेलिंग बदलून चक्क ट्रेडमार्क घेतलाय. अमेरिकेत येणारे कारळे आधी तापवून घेतात. सोबत अमरवेलीसारख्या तणांचं बी येऊन रुजू नये म्हणून. तो दाणा इतका बारीक की साध्या फीडरमधून वाळूसारखा गळतो. त्याला बारीक फटींचा वेगळा फीडर लागतो. मी तोही आणला. सहा आठवडे टांगून ठेवला. एक चिमणी दोनदा आली, एकदा फीडरच्या टोकावर शिटली आणि गेली. कारळ्यांचे खरे भक्त म्हणजे गोल्डफिंच, सिस्किन असे बारीक टोकदार चोचीचे फिंच जातीचे छोटे पक्षी. ते तुमच्या परिसरात असतील तर हा दाणा सोन्याच्या मोलाचा. आमच्याकडे नाहीत. चूक दाण्याची नाही, माझी. कोण येतं ते न बघता कोणासाठी आणायचं ते मी ठरवलं होतं. एक मात्र शिकले: कारळे जुने झाले की त्यातलं तेल सुकतं आणि मग फिंचसुद्धा तोंड लावत नाहीत. विकत घेताना दोन दाणे नखाने कागदावर चिरडायचे. तेलाचा डाग उमटला तर ताजे. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

करडई खारींना आवडत नाही, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. आमच्या खारीने पाकीट वाचलेलं नव्हतं. चार दिवस ती लांब राहिली, पाचव्या दिवशी उलटी लटकून करडई खात होती. मग मी मिरची लावलेले दाणे आणले. यामागचं शास्त्र पक्कं आहे: मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांना झोंबतं, पक्ष्यांना झोंबत नाही. मिरचीच्या बिया पक्षी गिळतात आणि लांबवर टाकतात, म्हणून झाडाच्याही ते पथ्यावर पडतं. युक्ती चालली. खार आली, एक दाणा तोंडात घातला, मागे सरली, शेपटी फुलवून मला शिव्या दिल्या आणि दोन आठवडे फिरकली नाही. पोपट मजेत खात राहिले. पण त्या दाण्यांची पूड हाताला लागते आणि हात नकळत डोळ्याकडे जातो. मीही सस्तन प्राणी आहे हे मला त्या दिवशी नीट पटलं. हातमोजे घालून भरणार असाल तर घ्या, नाहीतर खांबाला पत्र्याचं उलटं नरसाळं लावणं सोपं. मी तेच केलं.

शेंगदाणे थोडक्यात: खारवलेले अजिबात नाहीत, आणि खवट किंवा काळपट डाग असलेले तर फेकूनच द्यावेत. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते पक्ष्यांचं यकृत पोखरतं. पिलांच्या दिवसांत अख्खे दाणे ठेवू नयेत, पिलाच्या घशात अडकतात. कच्च्या तांदळाबद्दल मात्र जी भीती घालतात, की तो पक्ष्याच्या पोटात फुगतो आणि पोट फुटतं, ती खोटी आहे.

साठवणुकीबद्दल लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मिश्रणाची तिसरी पिशवी मी मोठ्या बेतात आणून कपाटात ठेवली. महिन्याने उघडली तर आत कोळिष्टकांसारखी जाळी आणि दाण्यांचे गठ्ठे. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तपकिरी-राखाडी पतंग उडायला लागले. हे पतंग धान्यात अंडी घालतात. इंग्रजीत त्यांना ‘इंडियन मील मॉथ’ म्हणतात, आणि ते ऐकून ह्यांचा देशाभिमान दुखावला. खरं तर त्या नावाचा भारताशी संबंध नाही; अमेरिकेत मक्याच्या पिठाला ‘इंडियन मील’ म्हणत, ते या अळ्यांना प्रिय, म्हणून हे नाव. त्यानंतर मी दोन आठवडे पुरतील एवढेच दाणे आणते, आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवते, मग घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पतंग पुन्हा दिसले नाहीत. स्वस्त पडतं म्हणून मोठी गोणी घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. त्या महिन्यात मी सबंध स्वयंपाकघर दोनदा रिकामं केलं.

धुण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिस नावाचा रोग ग्रीनफिंच पक्ष्यांत पसरला आणि त्यांची संख्या झपाट्याने खाली आली. या रोगात घसा सुजतो, पक्ष्याला गिळवत नाही, तो लाळेने भिजलेला दाणा परत टाकतो आणि तोच दुसरा उचलतो. म्हणजे फीडर हाच प्रसाराचा अड्डा. हे वाचल्यावर मला झोप आली नाही. आता दर आठवड्याला फीडर उतरवून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडवते, स्वच्छ पाण्याने धुते आणि पूर्ण वाळल्याशिवाय भरत नाही. दोन फीडर आलटून पालटून ठेवले की खाडा पडत नाही. म्हणूनच फीडर निवडताना मी एकच प्रश्न विचारते: बूड निघतं का? पहिल्या फीडरचं निघत नव्हतं. तळाशी दोन बोटं उंचीचा ओल्या दाण्यांचा थर कायमचा बसला होता. तो फीडर सुंदर होता. आता त्यात सुतळी ठेवते.

जागेबद्दल एकच. माझा फीडर आधी खिडकीपासून तीनेक मीटरवर होता. एक होला दचकून उडाला आणि काचेवर आदळला. अर्धा तास खोक्यात अंधारात ठेवला, मग उडाला, नशीब त्याचं आणि माझं. फीडर काचेपासून एक मीटरच्या आत हवा, म्हणजे पक्ष्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. नाहीतर चांगला लांब. मी जवळ आणला. आता चिमण्यांच्या डोळ्यांभोवतीची बारीक पिसंसुद्धा दिसतात, आणि त्यांना माझा चष्मा दिसत असणार.

मिश्रणवाल्यांना मी वजनांचा तक्ता पाठवला होता. उत्तर आलं, दोन ओळींचं: पक्ष्यांना नव्या दाण्याची सवय व्हायला वेळ लागतो, धीर धरा. चिमण्या आणि ज्वारी यांची ओळख माझ्या आजीच्या आजीपेक्षा जुनी असेल, पण ते असो. त्यावर मी काही लिहिलं नाही.

आता जे सांगते ते माझ्याच तक्त्याच्या विरोधात जातं, म्हणून सांगायलाच हवं. पहिल्या आठवड्यात उडवलेल्या ज्वारीतले काही दाणे नळाच्या दगडामागे पडले होते, जिथे झाडू पोचत नाही. त्यातून तीन ताटं उगवली. ह्यांनी हौसेने पाणी घातलं, मी दुर्लक्ष केलं. तेराव्या आठवड्यात कणसं भरली, दाणे दुधावर आले. एका सकाळी बघते तर तीनही कणसांवर चिमण्या आणि मुनिया लोंबकळतायत, ताटं जमिनीला टेकायला आलीयत, आणि कणसं पार ओरबाडून निघालीयत. तीच लाल ज्वारी. काही जातींच्या ज्वारीत टॅनिन असतं, कडवट, त्यामुळे पक्षी तिला लागत नाहीत. म्हणजे माझ्या पिशवीतली ती जात नव्हती, एवढं तरी त्या सकाळी कळलं. वाळून खडा झालेला दाणा नळीतून नको होता. कोवळा, दुधाळ, कणसावर बसून खायचा हवा होता.

हे दारात उभे राहून म्हणाले, “लिही आता वहीत.”

लिहिलं. आणि पिशवीत उरलेली ज्वारी फेकायच्या ऐवजी भिंतीकडेच्या पट्ट्यात मूठभर पेरली आहे. काल चार कोंब दिसले. शेजारी खार बसली होती.